गिटार रक्तात नसते, सरावाने बोटांत उतरते

भीमजयंतीचा कार्यक्रम असो, बुद्धपौर्णिमेचा असो की वस्तीतले लग्न असो, हल्ली कलापथकात ढोलकी आणि हार्मोनियमच्या शेजारी एखादी गिटार दिसतेच. एखादा पोरगा बोटे भराभर फिरवत भीमगीताची चाल वाजवतो आणि समोर बसलेल्यांतून हमखास उद्गार निघतो, "काय हात आहे पोराचा! हे रक्तातच असावं लागतं बाबा." त्याच सतरंजीवर दहा-बारा वर्षांच्या मुलीला घेऊन बसलेली एखादी आई हे ऐकत असते. मुलगी हळूच म्हणते, "आई, मलापण शिकायचंय." आई सहज सांगून जाते, "आपल्या घरात कुणाला येतंय का? ते अंगातच असावं लागतं."

ही दोन्ही वाक्ये आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. पहिले कौतुकाचे आहे, दुसरे पैशाच्या आणि वेळेच्या काळजीतून आलेले आहे. दोन्हींच्या पोटात मात्र एकच समजूत आहे. कला जन्माबरोबर येते आणि जन्माबरोबर आली नाही तर ती कधीच येत नाही! जन्मावरून माणसाची लायकी ठरवणारी व्यवस्था नाकारून १९५६ साली आपल्या आजी-आजोबांनी धम्म स्वीकारला. मग संगीताच्या बाबतीत आपल्याच तोंडी पुन्हा जन्माची भाषा का यावी? उत्तम गिटारवादक जन्माला येतो की सरावाने घडतो, हा प्रश्न म्हणून आमच्या वाचकांच्या घरचाच प्रश्न आहे. त्याचा शांतपणे विचार करू.

सैतानाने शिकवले म्हणे!

अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचे राज्य आहे. कापसाचा मुलूख. गुलामगिरी कायद्याने संपली तरी तिथली काळी माणसे गोऱ्या मालकांच्या जमिनी बटईने कसत होती आणि कर्जात पिचत होती. याच लोकांनी 'ब्लूज' नावाचे गाणे जन्माला घातले. आज जगभर वाजणाऱ्या रॉक संगीताचे एक मोठे मूळ या गाण्यात आहे.

या मुलखात १९११ साली रॉबर्ट जॉन्सन जन्मला. १९३० च्या सुमारास तो विशीच्या आतबाहेरचा पोरगा होता. सन हाऊस आणि विली ब्राऊन हे तेव्हाचे नावाजलेले वादक शनिवारच्या रात्री मजुरांच्या नाचगाण्यात वाजवत, तेव्हा हा पोरगा मागे मागे असे. तोंडाने वाजवायचा बाजा त्याला बरा येई; गिटार मात्र येत नसे. दोघे वादक विश्रांतीला बाहेर गेले की हा त्यांची गिटार उचलून खडखडाट करी. लोक वैतागत आणि त्याच्या हातून गिटार काढून घ्या म्हणत. ही हकिकत पुढे स्वतः सन हाऊसने सांगितली आहे.

मग हा पोरगा तिथून निघून गेला. काही काळाने परतला तो असा वाजवू लागला की सन हाऊस थक्क झाला. एकाच गिटारवर खालचा ठेका, वरची चाल आणि मधली भर तो एकाच वेळी वाजवी. त्याच्या तबकड्या ऐकून पुढे कित्येकांना दोन माणसे वाजवत आहेत असे वाटले. लोकांनी यावर उत्तर शोधले. म्हणे, मध्यरात्री चौरस्त्यावर जाऊन याने सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात ही विद्या मिळवली!

हीच सैतानाची कथा त्याच्या आधी टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्या वादकाबद्दलही सांगितली जात होती. म्हणजे कथा तयारच होती, फक्त नाव बदलले. खरी गोष्ट अभ्यासकांनी पुढे शोधून काढली. रॉबर्ट आपल्या जन्मगावाकडे गेला होता. तिथे आइक झिमरमन नावाचा एक अनुभवी वादक राहत होता. रॉबर्ट त्याच्या घरी राहून शिकला. रात्री हे दोघे जवळच्या कबरस्तानात जाऊन वाजवत बसत. कारण साधे होते. तिथे शांतता होती आणि कुणाची झोप मोडत नव्हती. झिमरमनच्या मुलीनेच ही आठवण पुढे सांगितली.

सैतान कुठेच नव्हता. एक शिकवणारा होता, एक शिकणारा होता, निवांत जागा होती आणि रात्री होत्या. रॉबर्टने १९३६ आणि १९३७ साली मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ साली अवघ्या २७ व्या वर्षी तो वारला. त्या गाण्यांवर जगातल्या मोठमोठ्या गिटारवादकांच्या पिढ्या शिकल्या. तरीही आज त्याचे नाव काढले की कबरस्तानातला सराव फार थोड्यांना आठवतो, चौरस्त्यावरचा सैतान मात्र सर्वांना.

कौतुकातली मेख

असे का होते, हे आपल्याइतके नीट कुणाला कळणार? काळ्या माणसाने काही असामान्य केले की गोऱ्या समाजाजवळ दोन उत्तरे तयार असत. एक, यात काहीतरी जादूटोणा आहे. दुसरे, या लोकांच्या रक्तातच ताल असतो. दोन्ही उत्तरांत त्या माणसाची मेहनत गायब होते. ज्याच्या रक्तातच आहे त्याने कष्ट केले असे कोण म्हणेल? आणि कष्टच केले नाहीत तर त्याला मोबदला आणि मान तरी कशाला द्यायचा?

आपल्या गावगाड्यातही हेच घडले. वाजवण्याचे काम जातीवर टाकलेले होते. लग्नात वाजवायचे, देवाच्या पालखीपुढे वाजवायचे आणि देवळाच्या बाहेर उभे राहायचे. वाजवणाऱ्याने लहानपणापासून बापाच्या मांडीशी बसून हात बसवलेला असे, बोटे सोललेली असत. पण गाव म्हणे, "ते त्यांच्या जातीतच आहे." कलेचे श्रेय जातीला आणि वाजवणाऱ्याच्या पदरात भाकरतुकडा!

एकलव्याची गोष्ट आपल्या घराघरांत माहीत आहे. त्याने कुणाच्या परवानगीशिवाय सराव केला. त्याचा सराव दिसला तेव्हा अंगठा मागितला गेला. जिथे अंगठा मागता येत नाही, तिथे सरावच नाकारता येतो. 'रक्तात आहे' हे म्हणणे त्याच जातीचे आहे. दिसायला गोड आहे म्हणून ते आपण ओळखत नाही, एवढेच.

अमेरिकेतल्या काळ्या जनतेचे आणि आपले नाते नवे नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तेव्हा त्यांच्या वादकांच्या चरित्रातून आपण काही शिकलो तर ते परक्याचे शिकणे होणार नाही. आणखी दोन माणसांची ओळख आम्ही इथे करून देतो. एक कारखान्यातला कामगार आणि दुसरी घरकाम करणारी बाई.

कारखान्याची पाळी आणि अंगठ्याचे सूर

वेस मॉन्टगोमेरी १९२३ साली इंडियानापोलिस शहरात जन्मला. लहानपणी त्याच्याकडे चार तारांची छोटी गिटार होती. सहा तारांची खरी गिटार त्याने हाती घेतली ती विसाव्या वर्षाच्या आसपास, लग्न झाल्यावर. कारण काय? चार्ली ख्रिश्चन या काळ्या गिटारवादकाच्या तबकड्या त्याने ऐकल्या आणि तो वेडावून गेला. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती, शिकवणारा नव्हता. तो तबकडी लावी, एक तुकडा ऐके, गिटारवर शोधी आणि जमेपर्यंत पुन्हा तेच करी. असे करत त्याने ख्रिश्चनचे वादन सुरासूर पाठ केले. त्याला पहिले काम मिळाले तेही क्लबात तेच पाठ केलेले तुकडे वाजवून.

घरी सराव करायला बसला की आवाजाचा त्रास होई, शेजारी तक्रार करत. मग त्याने तार छेडायची पट्टी म्हणजे पिक बाजूला ठेवली आणि अंगठ्याच्या मऊ भागाने वाजवायला सुरुवात केली. आवाज हळू झाला आणि शेजारी झोपू लागले! पण त्या अंगठ्यातून असा गोल, उबदार सूर निघू लागला की तीच पुढे त्याची जगभराची ओळख झाली. चाळीत, एका खोलीत राहणाऱ्या आमच्या वाचकांना या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

त्याच्यामागे मोठा संसार होता. बरीच वर्षे तो दिवसा कारखान्यात काम करी आणि रात्री क्लबात वाजवी. १९६० साली आलेल्या तबकडीने त्याचे नाव सर्वत्र झाले, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. १९६८ साली ४५ व्या वर्षी हृदयविकाराने तो गेला. या माणसाला 'जन्मजात प्रतिभावंत' म्हणणारे पुष्कळ आहेत. त्याचे कान तल्लख असतील, आम्ही नाही म्हणत नाही. पण तबकडीपुढे बसून काढलेल्या त्या रात्री कुणाच्या हिशेबात धरायच्या?

घरकाम करणारीची गिटार

एलिझाबेथ कॉटन १८९३ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात जन्मली. ती डावखुरी. मोठ्या भावाचा बँजो तो कामावर गेला की चोरून काढायची आणि वाजवायची. तारा उजव्या हाताच्या माणसासाठी लावलेल्या, म्हणून ती बँजो उलटा धरे. शाळा लवकर सुटली आणि ती लोकांच्या घरी कामाला लागली. त्या मजुरीतून पैसे साठवून पावणेचार डॉलरची गिटार घेतली आणि तीही उलटीच वाजवली. खालचा ठेका बोटांनी आणि वरची चाल अंगठ्याने, असा सगळ्या जगाच्या उलट तिचा हात बसला. 'फ्रेट ट्रेन' हे तिचे प्रसिद्ध गाणे तिने बारा वर्षांच्या आसपास असताना रचले.

पुढे लग्न झाले, मूल झाले. चर्चमधल्या लोकांनी सांगितले की असली गाणी सोडून दे. गिटार सुटली ती कित्येक वर्षे. दिवस घरकामात गेले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये एका दुकानात काम करताना तिने एका हरवलेल्या लहान मुलीला तिच्या आईपाशी पोहोचवले. ते सीगर कुटुंब संगीताच्या अभ्यासकांचे होते. त्यांच्याकडे तिला घरकाम मिळाले. भिंतीवर गिटार टांगलेली असे. काम आवरले की ती गिटार काढून आपले जुने सूर शोधू लागली. घरातल्या मुलांनी ते ऐकले. १९५८ साली, वयाच्या पासष्टीत, तिची पहिली तबकडी निघाली. १९८४ सालचा ग्रॅमी पुरस्कार तिला मिळाला तेव्हा तिने नव्वदी ओलांडली होती. १९८७ साली ती गेली.

या बाईच्या आयुष्यात कला 'अंगात' होती की नव्हती? असेलही. पण मधल्या वर्षांत ती कुठे गेली होती? हातात गिटार नव्हती, वेळ नव्हता आणि 'वाजव' म्हणणारे कुणी नव्हते, म्हणून ती निपचित पडली होती. तिन्ही गोष्टी मिळाल्या तेव्हा म्हातारपणीसुद्धा हात उठला. आपल्या वस्तीत अशा किती जणी असतील, ज्यांच्या हाती गिटार कधी आलीच नाही?

शास्त्रज्ञ काय सांगतात?

चरित्रांवरून मन भरते, पण पुरावा हवा असेल तर शास्त्राकडे वळावे लागते. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत विद्यालयातल्या व्हायोलिन वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाद्य वेगळे असले तरी प्रश्न तोच. वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत एकट्याने केलेल्या सरावाचे तास मोजले, तेव्हा सर्वांत उत्तम गटाचे सरासरी सुमारे ७,४०० तास भरले, त्याखालच्या चांगल्या गटाचे ५,३०० आणि संगीतशिक्षक होऊ पाहणाऱ्यांचे ३,४००. विसाव्या वर्षापर्यंत उत्तम गटाची सरासरी १०,००० च्या पुढे गेली होती. त्यावरून '१०,००० तासांत कुणीही उस्ताद' असा गाजावाजा पुढे झाला. एरिक्सन यांनी स्वतः त्याला हरकत घेतली. तो आकडा सरासरीचा होता, मंत्र नव्हता. नुसते तास भरून चालत नाही, चुका शोधून दुरुस्त करणारा सराव लागतो, असे त्यांचे म्हणणे होते.

१९९६ साली इंग्लंडमध्ये जॉन स्लोबोडा आणि सहकाऱ्यांनी संगीत शिकणाऱ्या २५७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. हुशार समजली जाणारी मुले कमी सरावात परीक्षेची पायरी चढतात का, हे त्यांनी पाहिले. तसे आढळले नाही. एका पायरीवरून वरच्या पायरीवर जायला पुढच्या आणि मागच्या मुलांना जवळपास सारखाच सराव लागला. पुढची मुले पुढे होती, कारण त्यांनी रोज जास्त वाजवले होते.

दुसरी बाजूही आम्ही लपवणार नाही. २०१४ साली ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. संगीतात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला २१ टक्के फरक सरावाने उलगडतो, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी स्वीडनमधल्या १०,००० हून अधिक जुळ्यांच्या अभ्यासातून दिसले की सराव करण्याची आवडसुद्धा काही अंशी जन्मजात असते, आणि सूर-ताल ओळखण्याची शक्ती केवळ सरावाने वाढते असे दिसत नाही. तेव्हा सगळ्यांचे कान, सगळ्यांची बोटे सारखी असतात, असे आम्ही म्हणणार नाही. एकाच घरातल्या दोन भावांतही फरक असतो.

पण नेमके इथेच सावध राहिले पाहिजे. हा फरक माणसामाणसांतला आहे. जातीजातींतला आहे असे यातले एकही संशोधन म्हणत नाही. दुसरे म्हणजे, कुणात किती आहे हे आधी कपाळावर लिहिलेले नसते. रॉबर्ट जॉन्सनची पहिली परीक्षा त्या नाचघरातच झाली असती तर तो नापास होता! सराव केल्याशिवाय कुणाचाच अंदाज बांधता येत नाही. म्हणून सराव ही पहिली गोष्ट आणि प्रतिभेचा निकाल नंतरची.

तास कुठून आणायचे?

आता थोडा हिशेब करू. रोज दोन तास सराव केला तर वर्षाला ७३० तास होतात. रोज अर्धा तास केला तर सुमारे १८० तास. ज्या घरात मुलाला सातव्या वर्षी वाद्य मिळते, वेगळी खोली मिळते, शिकवणी मिळते आणि घरी आल्यावर पाणी भरायचे नसते, त्याचे अठराव्या वर्षापर्यंत हजारो तास सहज होतात. आमच्या घरातली मुलगी शाळेतून येते, पाणी भरते, धाकट्याला सांभाळते, पोळ्या लाटते. दोघांची तुलना करून जग म्हणते, याच्यात प्रतिभा आहे आणि तिच्यात नाही. खरे तर तिथे फक्त तासांचा फरक असतो.

म्हणून मुलाला हात बसला नाही की लगेच 'तू मेहनतच करत नाहीस' असे खेकसणेही अन्यायाचे आहे. ज्याला वेळ दिला नाही, त्याच्याकडून सरावाचा हिशेब कसा मागायचा? घरातले काम मुलगा आणि मुलगी दोघांनी वाटून घेतले, तर मुलीच्या वाट्याला अर्धा तास नक्की येईल. गिटारची सुरुवात दुकानात नव्हे, इथे होते.

सोणाची वीणा

सराव कसा असावा, हे सांगायला आपल्याला दूर जायला नको. तथागतांनी ते एका तंतुवाद्याचाच दाखला देऊन सांगितले आहे. सोण नावाचा तरुण श्रीमंत घर सोडून भिक्खू झाला. राजगृहाजवळ सीतवनात राहून त्याने अतोनात साधना केली. चालून चालून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. तरीही फळ मिळेना तेव्हा तो निराश झाला, परत घरी जावे असे त्याच्या मनात आले. बुद्ध त्याच्याकडे आले. सोण पूर्वी वीणा उत्तम वाजवी, हे त्यांना माहीत होते. वीणेच्या तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का, फार सैल सोडल्या तर वाजते का, असे त्यांनी विचारले. दोन्हींना सोणाने नाही म्हटले. मग प्रयत्नाचेही तसेच आहे, फार ताणू नये आणि फार सैलही सोडू नये, असे त्यांनी समजावले. सोण पुढे अर्हत झाला.

गिटारलाही हे शब्दशः लागू आहे. रविवारी चार तास बसून बोटे सोलून घ्यायची आणि पुढचे सहा दिवस गिटार कोपऱ्यात ठेवायची, यात हात बसत नाही. बर्लिनच्या त्या उत्तम विद्यार्थ्यांचीही सवय थोडा वेळ एकाग्र सराव, मग विश्रांती अशीच होती आणि ते इतरांपेक्षा जास्त झोपत होते.

घरच्या घरी सराव

आमच्या वाचकांच्या उपयोगाच्या काही गोष्टी इथे देतो.

गिटार नवीनच हवी असे नाही. जुनी चालेल, पण तिची मान सरळ असावी आणि तारा लाकडापासून फार उंच नसाव्यात. तारा उंच असल्या की दाबताना बोटे फार दुखतात आणि मूल कंटाळते. वाद्यांच्या दुकानात त्या खाली करून देतात. सुरुवातीला हलक्या जाडीच्या तारा लावाव्यात.

वाजवण्याआधी दररोज तारा सुरात लावाव्यात. मोबाईलवर त्यासाठी फुकट साधने मिळतात. बेसूर गिटारवर सराव केला तर कानालाही बेसूर सवय लागते.

रोज वीस-तीस मिनिटे पुरेत, पण रोज. त्यात पूर्ण गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत दहा वेळा वाजवू नये. जिथे अडते तो तुकडा वेगळा काढावा. समजा जी कॉर्डवरून सी कॉर्डवर जाताना बोटे अडखळतात, तर तेवढाच बदल अगदी सावकाश करावा. एका मिनिटात किती वेळा स्वच्छ जमले ते वहीत लिहावे. आठवड्याने आकडा वाढलेला दिसला की मुलाला शाबासकीची गरज उरत नाही.

पायाने ठेका धरावा. आपल्याकडे ढोलकीचा कान घरोघरी आहे, त्याचा फायदा घ्यावा. वेग शेवटी वाढवावा. सावकाश जे स्वच्छ येत नाही ते जलद कधीच येत नाही.

आपले वादन मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे. वाजवताना कळत नाही ते ऐकताना कळते. वेस मॉन्टगोमेरीने तबकडीपुढे केले तेच आज फुकटात करता येते.

पहिले काही आठवडे बोटांची टोके दुखतात. हळूहळू तिथली कातडी कडक होते. बोट फुटले किंवा मनगट दुखू लागले तर मात्र थांबावे. दुखणे सोसणे म्हणजे सराव नव्हे.

शेजाऱ्यांना त्रास होत असेल तर तारांच्या खाली, खालच्या पट्टीजवळ कापडाची किंवा स्पंजची घडी सरकवावी. आवाज दबतो, बोटांचा सराव होतो.

मूल डावखुरे असेल तर त्याला मारून मुटकून उजवे करू नये. एलिझाबेथ कॉटन डावखुरी होती, प्रसिद्ध वादक जिमी हेंड्रिक्सही डावखुरा होता.

आणि एक महत्त्वाचे. गिटारसाठी शाळा सोडू नये. वर सांगितलेल्या वादकांना पैशाची ओढाताण सोसावी लागली, हे विसरून चालणार नाही. अभ्यास आणि वाद्य एकमेकांचे वैरी नाहीत. रोज ठरल्या वेळी बसण्याची सवय दोन्हीकडे उपयोगी पडते.

विहारात एक गिटार

बाबासाहेबांची विद्वत्ता पाहून लोक आजही म्हणतात, "ते असामान्यच होते." होतेच. पण त्यांची जयंती आली की आपण विहारांतून आणि महाविद्यालयांतून सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम का घेतो? कारण त्यांच्या बुद्धीला वंदन करून आपले काही होणार नाही, त्यांच्या अभ्यासाचा कित्ता गिरवता येतो, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. राज्यघटना, आंदोलने, ग्रंथलेखन आणि आजारपण या सगळ्यांतून त्यांनी तंतुवाद्यासाठी वेळ काढला. या वयात आता काय, असे त्यांनी म्हटले नाही. आपले लोककवी वामनदादा कर्डक मुंबईत मजुरी करताना तरुणपणी अक्षरे शिकले आणि मग त्यांच्या गीतांनी अख्खा महाराष्ट्र जागा केला.

एकेका घराला गिटार परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण विहाराला एक परवडेल. आपल्या वस्तीतल्या विहार समितीने जयंतीच्या वर्गणीतून एक गिटार घ्यावी. संध्याकाळी वंदनेनंतर तासभर विहार मुलामुलींना सरावासाठी मोकळे ठेवावे. पाळीपाळीने प्रत्येकाला वीस मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. कलापथकातल्या वादकाने आठवड्यातून एकदा येऊन हात कसा ठेवायचा एवढे दाखवावे. रॉबर्ट जॉन्सनला एक झिमरमन मिळाला होता. आपल्या पोरांना तो आपल्यातूनच मिळाला पाहिजे.

त्या मुलांतून सगळेच मोठे वादक होणार नाहीत. एखादाच होईल, कदाचित एकही होणार नाही. पण कुठल्याही मुलीला 'आपल्या रक्तात नाही' एवढ्या कारणावरून मागे फिरावे लागणार नाही. आणि उद्या त्यांच्यातली एखादी व्यासपीठावर उत्तम वाजवू लागली, तर तिला एवढेच विचारावे: बाळा, रोज किती वेळ बसतेस?